सुरतेंतील एक परदेशी विद्यार्थी

विद्येसाठीं समुद्र व पर्वत ओलांडून या देशांत येणाऱ्या परकीयांची परंपरा फार जुनी आहे. सातव्या शतकांत ह्युएनत्संग नालंदेस येऊन राहिला. अकराव्या शतकांत अल्बेरूनीनें संस्कृताचा अभ्यास करून येथील शास्त्रांचा परामर्श घेतला. याच मालिकेंत अठराव्या शतकांतील एका तरुण फ्रेंच विद्यार्थ्याची गणना करावी लागते. त्याचें नांव अब्राहाम इयासेंत आंकेतिल द्युपेरों. पारशी लोकांच्या अवेस्ता या धर्मग्रंथाचें भाषांतर युरोपीय भाषेंत प्रथम त्यानें केलें, एवढेंच त्याच्याविषयीं सामान्यतः सांगण्यांत येतें. परंतु त्या भाषांतरापूर्वीं सुरतेस त्याचे जे पहिले कांहीं महिने गेले, त्यांची हकीकत त्या ग्रंथाइतकीच बोधप्रद आहे. पोथी हातीं येणें आणि विद्या हातीं येणें यांत अंतर किती असतें, हें त्या महिन्यांत त्याला कळून आलें.

आंकेतिलचा जन्म पॅरिस येथें ७ डिसेंबर १७३१ रोजीं मसाल्याच्या एका व्यापाऱ्याच्या घरीं झाला. धर्मशास्त्राच्या अध्ययनासाठीं तो पॅरिस व ओसेर येथें आणि पुढें हॉलंडांतील आमर्सफोर्ट येथें राहिला. परंतु धर्मोपदेशकाच्या पेशापेक्षां पौर्वात्य भाषांचीच गोडी त्याला अधिक लागली. पॅरिसला परतल्यावर तो राजाच्या ग्रंथालयांत नित्य जाऊन बसूं लागला. त्याची चिकाटी पाहून तेथील ग्रंथपालानें त्याला लहानसें विद्यावेतन मिळवून दिलें. १७५४ सालीं पॅरिसांतच एका पंडितानें त्याला चार पानें दाखविलीं. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत वंदिदाद या पारशी धर्मग्रंथाची एक पोथी सुरतेहून येऊन पडली होती. ती साखळीनें बांधून ठेवलेली असे. पण ती वाचून तिचा अर्थ सांगूं शकेल असा एकहि मनुष्य त्या वेळीं युरोपांत नव्हता. हीं चार पानें म्हणजे त्या पोथीची नक्कल होती. हीं अक्षरें जेथें अजून वाचलीं जातात तेथें जाऊन तीं शिकावयाचीं, असा निश्चय त्या बावीस वर्षांच्या मुलानें तेथल्या तेथें केला.

निश्चय झाला, परंतु प्रवासाला द्रव्य कोठून आणावें? मोठ्यांच्या शिफारशीची वाट पाहत बसण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. त्यानें फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींत साधा शिपाई म्हणून नांव नोंदविलें आणि ७ नोव्हेंबर १७५४ रोजीं तो इतर रंगरुटांबरोबर पायीं निघाला. त्याच्या गांठोड्यांत दोन सदरे, दोन रुमाल, मोज्यांचा एक जोड, गणिताच्या उपकरणांची एक पेटी, एक हिब्रू बायबल आणि माँतेन व शारों या दोन फ्रेंच ग्रंथकारांचीं पुस्तकें होतीं. शिपायाच्या पाठीवर असलें ओझें क्वचितच गेलें असेल! लोरियां बंदरावर पोहोंचल्यावर त्याला कळलें कीं, त्याच्या हितचिंतकांनीं मागें खटपट करून त्याची शिपाईगिरींतून सुटका करविली आहे, आणि राजानें त्याला पांचशें लिव्रचा सालिना तनखा व जहाजावर फुकट जागा देवविली आहे. १७५५ च्या ऑगस्टांत तो पाँडेचरीस उतरला.

हिंदुस्थानांत पाऊल ठेवल्याबरोबर ज्ञानाचें द्वार उघडेल अशी त्याची कल्पना असावी. ती लवकरच मावळली. पाँडेचरीस फारसी भाषेचा थोडा अभ्यास झाला. पण तेथें अवेस्ता जाणणारा कोणी नव्हता. काशीस जाऊन संस्कृत शिकावें या हेतूनें तो बंगाल्यांत चंद्रनगरला गेला, तों दुखण्यानें अंथरुणास खिळला. इतक्यांत इंग्रज व फ्रेंच यांच्यांत युद्ध पेटलें आणि १७५७ च्या मार्चांत चंद्रनगर इंग्रजांच्या हातीं पडलें. मग शंभर दिवसांचा खुष्कीचा प्रवास करून तो पुन्हां पाँडेचरीस आला. तेथें त्याचा एक भाऊ त्याला भेटला. दोघेहि सुरतेस जाण्यासाठीं जहाजांत बसले. पण देश डोळ्यांनीं पाहावा म्हणून आंकेतिल माहे येथें उतरला आणि गोव्यावरून जमिनीच्या मार्गानें निघाला.

या प्रवासांत १७५८ च्या मार्च अखेरीस घाट चढून तो मराठी मुलुखांत शिरला. त्या वेळीं पुण्यास नानासाहेब पेशव्यांचा अंमल होता आणि उत्तरेकडे राघोबादादांची फौज लाहोराकडे सरकत होती. या मुलुखाविषयीं त्यानें जें लिहून ठेवलें आहें तें मराठी माणसानें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. येथील लोक त्याला आनंदी, धट्टेकट्टे व अतिथ्यशील दिसले आणि सत्ययुगांत आल्याचा भास त्याला झाला. या वर्णनांत तरुण प्रवाशाच्या उत्साहाचा भाग असेलच. तथापि लढायांच्या बातम्यांवरून ज्या राज्याची ओळख युरोपाला होती, त्या राज्यांतील खेड्यापाड्यांची रीत पाहण्याची दृष्टि त्याच्यापाशीं होती. वाटेंत वेरूळचीं लेणीं पाहून त्यांचें वर्णनहि त्यानें टिपून घेतलें. १ मे १७५८ रोजीं तो सुरतेस पोहोंचला. पॅरिस सोडल्यास साडेतीन वर्षें होत आलीं होतीं आणि ज्या कामासाठीं तो निघाला होता त्याचा आरंभहि अद्याप झाला नव्हता.

सुरतेचें वैभव त्या काळीं ओसरणीस लागलें होतें, तरी इंग्रज, फ्रेंच, वलंदेज व पोर्तुगीज यांच्या वखारी तेथें नांदत होत्या. पारशी समाजांत मात्र त्या वेळीं मोठी फूट पडलेली होती. वादाचा विषय होता पंचांगाचा. हिंदुस्थानांतील पारशांची तिथि इराणांतील त्यांच्या धर्मबंधूंच्या तिथीहून एक महिना मागें पडते, असें अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत दिसून आलें. इराणांतील गणना स्वीकारणारे ते कदमी आणि जुनीच गणना चालविणारे ते शहनशाही, असे दोन पक्ष झाले व १७४५ पासून ते उघडपणें वेगळे झाले. एक महिना मागें कीं पुढें, हा प्रश्न बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या धर्मांत प्रत्येक प्रार्थनेंत दिवसाचें व महिन्याचें नांव उच्चारावें लागतें, तेथें तिथि चुकली म्हणजे कर्मच चुकलें. त्यांतून दोन्ही पक्षांचे पुढारी व्यापारी होते. कदमी पक्षाच्या पाठीशीं इंग्रजांचा दलाल, तर दुसऱ्या पक्षाचा पुढारी मुंचेरजी हा वलंदेजांचा दलाल. अशा भांडणाच्या मध्यभागीं हा फ्रेंच विद्यार्थी हातांत कोरी वही घेऊन उभा राहिला.

कदमी पक्षाचे दस्तूर दाराब हे सुरतेंतील विद्वान धर्मगुरु होते. इराणांतील किरमानहून आलेल्या दस्तूर जामास्पांकडे त्यांनीं अध्ययन केलें होतें, आणि पहलवी भाषेचें त्यांचें ज्ञान नांवाजलेलें होतें. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यानें आंकेतिलला शिकविण्याचें कबूल केलें खरें, पण आज-उद्यां करतां करतां तीन महिने लोटले तरी वंदिदादची पोथी कांहीं त्याच्या हातीं पडेना. परक्या देशांत पैसा आटत चालला होता, प्रकृति वारंवार बिघडत होती, आणि आपण ज्याच्यासाठीं आलों तो ग्रंथ याच शहरांत कांहीं गल्ल्यांच्या अंतरावर आहे हें त्याला ठाऊक होतें. संशोधनास निघालेल्या विद्यार्थ्याला याहून कठीण काळ तो कोणता?

अखेर एक पोथी त्याला मिळाली. ती तंतोतंत व पूर्ण आहे, असें त्याला सांगण्यांत आलें. येथें या विद्यार्थ्याची खरी परीक्षा झाली. तीन महिन्यांच्या प्रतीक्षेनंतर मिळालेली वस्तु डोळे मिटून घ्यावी, असा मोह कोणालाहि झाला असता. आंकेतिलनें तसें केलें नाहीं. वलंदेजांच्या वखारीच्या प्रमुखाकरवीं त्यानें विरुद्ध पक्षाच्या मुंचेरजीकडील वंदिदादची प्रत मिळविली आणि दोन्ही पोथ्या शेजारीं ठेवून अक्षरास अक्षर ताडून पाहिलें. त्याच्या वृत्तान्ताप्रमाणें पहिली पोथी अपुरी व फेरफार केलेली निघाली. ज्या भाषेचा अर्थ त्याला अद्याप मुळींच येत नव्हता, त्या भाषेंतील दोन प्रतींमधला फरक त्यानें केवळ अक्षरांच्या आकारावरून शोधून काढला! हा पुरावा पुढें येतांच दस्तूर दाराब यांची वृत्ति पालटली, आणि त्यानंतर त्यांनीं मन मोकळें करून शिकविण्यास आरंभ केला.

या प्रसंगाची हकीकत आंकेतिलच्याच लेखणींतून आलेली आहे, हें विसरतां कामा नये. सर जीवनजी जमशेदजी मोदी यांनीं १९१६ सालीं आंकेतिल व दस्तूर दाराब यांच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहून त्याच्या विधानांची चिकित्सा केली आहे. एका पक्षाची साक्ष घेऊन दुसऱ्यास दोषी ठरविणें हा इतिहास नव्हे. घटकाभर दस्तुरांच्या जागीं उभें राहून पाहावें. ज्या ग्रंथाचें पठन पवित्र अग्नीसमोर शुचिर्भूत होऊन करावयाचें, तो एका परधर्मीयाच्या स्वाधीन करावयाचा. तो त्याचें काय करील याची शाश्वती नाहीं. आणि विरुद्ध पक्ष तर आपलें पाऊल कोठें घसरतें याची वाटच पाहत आहे. अशा स्थितींत संकोच वाटला नसता तरच नवल. उलट, एवढें असूनहि एका दस्तुरानें परक्या विद्यार्थ्याला अखेर शिष्य मानलें, हेंच अधिक नवल. आंकेतिलच्या चिकाटीचें कौतुक करतांना दाराबांच्या औदार्याचें विस्मरण होणें हा अन्याय होईल.

अध्ययनाची पद्धति मोठी कष्टाची होती. गुरूला फ्रेंच येत नव्हतें व शिष्याला गुजराती. दोघांना समान अशी भाषा फारसी. मूळ अवेस्ता वाक्य, त्यावरील पहलवी टीका, तिचें दस्तुरांनीं फारसींत केलेलें विवरण आणि त्यावरून वहींत उतरणारें फ्रेंच, अशा पायऱ्यांनीं अर्थ खालीं येई. १७५९ च्या मार्चांत वंदिदादचें भाषांतर सुरू झालें आणि जूनमध्यें तें संपलेंहि. त्याच मार्चांत इंग्रजांनीं सुरतेचा किल्ला घेतला. पण वहीचें काम थांबलें नाहीं. पुढें एका फ्रेंच माणसाशीं द्वंद्व होऊन तो आंकेतिलच्या हातून मारला गेला. आंकेतिल स्वतः जखमी झाला, आणि ज्यांच्याशीं त्याच्या राष्ट्राचें युद्ध चालू होतें त्या इंग्रजांच्याच आश्रयास त्याला जावें लागलें. बरा होतांच तो पुन्हां दस्तुरांपुढें जाऊन बसला.

१७६१ च्या मार्चांत त्यानें सुरत सोडली व मुंबईहून एका इंग्रज जहाजानें तो निघाला. इंग्लंडांत उतरल्यावर तो प्रथम ऑक्सफर्डला गेला, आणि साखळीनें बांधलेल्या त्या पोथीशीं त्यानें आपली प्रत ताडून पाहिली. मगच तो पॅरिसला परतला. १५ मार्च १७६२ रोजीं त्यानें राजाच्या ग्रंथालयांत १८० हस्तलिखितें जमा केलीं. १७७१ सालीं त्याचें भाषांतर तीन भागांत प्रसिद्ध झालें. या श्रमाचें फळ काय मिळालें? त्याच वर्षीं विल्यम जोन्स या पंचवीस वर्षांच्या इंग्रज पंडितानें एक जळजळीत पत्रक काढून, असला नीरस ग्रंथ झरतुष्ट्रासारख्या ज्ञान्याचा असणें शक्य नाहीं, असें ठरविलें. पुढें कलकत्त्यास एशियाटिक सोसायटी स्थापून कीर्ति मिळविणारा जोन्स तो हाच. आंकेतिलची भाषा शुद्ध आहे कीं बनावट, हा वाद अर्धें शतक चालला. १८२० सालीं मुंबईस येऊन गेलेल्या रास्क या डॅनिश पंडितानें १८२६ मध्यें ही भाषा खरी, प्राचीन आणि संस्कृताची सख्खी बहीण असल्याचें दाखविलें. १८३३ मध्यें बुर्नुफ या फ्रेंच पंडितानें, आंकेतिलनेंच आणलेल्या हस्तलिखितांतील नेर्योसंग या पारशी पंडिताच्या संस्कृत भाषांतराचा आधार घेऊन, यस्नाचा अर्थ शास्त्रीय रीतीनें लावला. आंकेतिलच्या भाषांतरांत चुका पुष्कळ निघाल्या. ग्रंथ मात्र खरा ठरला. तोपर्यंत तो हयात नव्हता. १७ जानेवारी १८०५ रोजीं तो पॅरिसांत निवर्तला होता.

सुरतेहून गेलेली ही विद्या पुढें याच किनाऱ्यावर परत आली. मुंबईचे खरशेदजी रुस्तमजी कामा यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपांत जाऊन तेथील पंडितांपाशीं अवेस्ताचा नव्या पद्धतीनें अभ्यास केला आणि परत आल्यावर तरुण पारशांना ती पद्धति शिकविली. ज्या समाजानें परक्या विद्यार्थ्याला आपली पोथी दिली, त्या समाजाला तिच्या अर्थाचें नवें साधन शंभर वर्षांनीं मिळालें.

आंकेतिलचें उपनिषदांचें भाषांतरहि प्रसिद्ध आहे. दारा शुकोहच्या फारसी भाषांतरावरून त्यानें तें लॅटिनमध्यें केलें, आणि १८०१-०२ मध्यें निघालेल्या त्या ग्रंथांतूनच शोपेनहौअर या जर्मन तत्त्वज्ञाला उपनिषदांचा परिचय झाला. काशीस जाऊन संस्कृत शिकण्याचा बेत दुखण्यानें व युद्धानें मोडला, त्याची अंशतः भरपाई अशी झाली. परंतु त्याच्या साऱ्या कामाचा पाया सुरतेंतील त्या पहिल्या तीन महिन्यांतच पडला होता. वाट पाहणें, मिळालेलें ताडून पाहणें, आणि खोट उघड झाली तरी गुरूचें दार न सोडणें, एवढें तो तेथें शिकला. व्याकरणाचे धडे त्यानंतर सुरू झाले.