अडीच बाय साडेतीन इंचाचा देश: अदलाबदलीच्या कार्डांचा इतिहास कसा वाचायचा?

संशोधनाचा विषय मोठा असला की प्रबंध मोठा होतो, असा एक समज आपल्याकडे आहे. म्हणून आज मुद्दाम एक लहान वस्तू घेऊया. अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच, म्हणजे साधारण ६४ बाय ८९ मिलिमीटरचं एक कार्ड. त्यावर कुणीतरी हाताने चित्र काढलेलं, चिकटकाम केलेलं किंवा शिवलेलं असतं. मागे नाव, तारीख आणि क्रमांक. हे कार्ड विकायचं नाही, त्याच्या बदल्यात दुसऱ्याचं कार्ड घ्यायचं. याला 'आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड', थोडक्यात एटीसी म्हणतात. पुष्कळदा अशा अदलाबदलीला एखादा विषय ठरवून दिलेला असतो आणि त्यातला एक नेहमीचा विषय म्हणजे 'देश': जपानवरून सुचलेलं कार्ड, मेक्सिकोवरून सुचलेलं कार्ड, भारतावरून सुचलेलं कार्ड.

आता तुम्ही म्हणाल, हा तर छंद झाला, यात इतिहास कुठे? तर तो तीन ठिकाणी आहे: कार्डाच्या मापात, अदलाबदलीच्या नियमात आणि 'देश' या शब्दात. तिन्ही एकेक करून बघू.

माप कुठून आलं?

एटीसीची सुरुवात स्वित्झर्लंडमधल्या झुरिकची. एम. व्हेंची श्टिर्नेमान या कलाकाराने १९९६ मध्ये १२०० कार्डं स्वतः हाताने बनवली आणि १९९७ मध्ये ती झुरिकमधल्या आपल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मांडली. ती विकण्याऐवजी त्याने लोकांना सांगितलं की तुम्हीही कार्डं बनवा आणि शेवटच्या दिवशी या, आपण अदलाबदल करू. त्याच वर्षी कॅनडातल्या कॅलगरीत डॉन मेबी यांच्या पुढाकाराने अशाच बैठका सुरू झाल्या. तिथून ही गोष्ट पसरत गेली.

पण अडीच बाय साडेतीन हे माप त्याने शोधलेलं नाही. उत्तर अमेरिकेत बेसबॉल आणि हॉकीच्या खेळाडूंची जी छापील कार्डं मुलं जमवतात, त्यांचं हे माप. टॉप्स कंपनीने १९५७ मध्ये बेसबॉलची कार्डं या मापात आणली आणि पुढे तेच प्रमाण ठरलं. म्हणजे लाखांनी छापल्या जाणाऱ्या मालाचं माप घ्यायचं आणि त्यात एकच एक, हाताने केलेली वस्तू बसवायची, असा हा उद्योग. माप उसनं घेतल्याचा एक व्यावहारिक फायदाही झाला. खेळाडूंच्या कार्डांसाठी मिळणारे प्लॅस्टिकचे कप्पे आणि फायली इथे आयत्या उपयोगी पडल्या.

इथे संशोधनाच्या दृष्टीने एक धडा आहे. वस्तूचं माप कधीच 'नैसर्गिक' नसतं. ते कोणत्या यंत्रावर, कोणत्या पाकिटासाठी, कोणाच्या खिशासाठी ठरलं, हे विचारलं की एका छंदाच्या मागे अख्खा उद्योग दिसायला लागतो.

यादीतला देश

आता 'देश' या शब्दाकडे येऊ. कार्डावर देश छापण्याची कल्पना एटीसीपेक्षा शंभर-सव्वाशे वर्षांनी जुनी आहे. १८८० च्या दशकात अमेरिकेतल्या रिचमंड शहरातली ॲलन अँड जिंटर ही सिगारेट कंपनी पाकिटात जाड कागदाचं एक कार्ड घालू लागली. मऊ पाकीट चुरगळू नये, हा एक हेतू. गिऱ्हाइकाने मालिका पूर्ण करायला पुन्हा आपलंच पाकीट घ्यावं, हा दुसरा. मालिकांचे विषय नाना प्रकारचे होते: खेळाडू, पक्षी, नट्या आणि देश. 'फ्लॅग्ज ऑफ ऑल नेशन्स' ही अशीच झेंड्यांची मालिका.

या मालिकेकडे बघताना चित्र सुंदर आहे की नाही, हा आपला प्रश्न नाही. आपला प्रश्न असा: 'ऑल नेशन्स' म्हणजे कोण? १८८० च्या दशकात आशिया-आफ्रिकेचा मोठा भाग कुठल्या ना कुठल्या साम्राज्याखाली होता किंवा जात होता. अशा वेळी जी यादी बनेल, ती साधी माहिती नसते, तो एक निर्णय असतो. पुढे १९२८ मध्ये इंग्लंडच्या प्लेयर्स कंपनीने राष्ट्रसंघाच्या सदस्य देशांच्या झेंड्यांची मालिका काढली. भारत राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य होता, पण स्वतंत्र नव्हता. मग अशा सदस्याला कोणता झेंडा? सिगारेटच्या पाकिटातला कागद तुम्हाला थेट साम्राज्याच्या कायदेशीर गुंत्यापर्यंत नेतो, तो असा.

या प्रकारच्या कार्डांना मी 'यादीतला देश' म्हणते. देश इथे मालिकेतला एक क्रमांक असतो. तो कोणी दुसराच ठरवतो, छापतो आणि वाटतो.

ही कार्डं आज आपल्याला बघायला मिळतात, त्याचं बरंचसं श्रेय जेफरसन बर्डिक या माणसाला जातं. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज शहरात तो विजेच्या सामानाच्या कारखान्यात काम करायचा. संधिवाताने हात धरलेले, तरी त्याने कार्डं, लेबलं, जाहिरातींचे कागद असे ३ लाखांहून अधिक नग जमवले, त्यांचं वर्गीकरण केलं आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिले. म्युझियममध्ये बसून ते वह्यांत चिकटवण्याचं काम त्याने १९६३ च्या जानेवारीत संपवलं आणि दोनच महिन्यांत तो वारला. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी तंबाखू-कार्डांना 'एन', विसाव्या शतकातल्यांना 'टी' अशी त्याने घातलेली अक्षरं अभ्यासक आणि संग्राहक आजही वापरतात.

लक्षात घ्या, हा अभिलेख कुठल्या विद्यापीठाने उभा केलेला नाही. एका छांदिष्टाने काय जपायचं ते ठरवलं म्हणून तुमच्या-माझ्यासारख्यांना साधनं मिळाली. आणि त्याने जे जमवलं नाही, ते आपल्या इतिहासातूनही गळण्याची शक्यता आहे. साधनांची चिकित्सा म्हणजे हीच.

पत्त्यावरचा देश

एटीसीचा दुसरा पूर्वज म्हणजे टपाल-कला, मेल आर्ट. न्यूयॉर्कचा रे जॉन्सन हा कलाकार १९५० च्या दशकापासून मित्रांना आणि अनोळखी लोकांनाही चित्रं, कात्रणं पाठवायचा. यात भर घाला आणि पुढे अमक्याला पाठवा, अशी सूचना सोबत असायची. या जाळ्याला नाव पडलं 'न्यूयॉर्क करस्पॉन्डन्स स्कूल'. स्पेलिंगमध्ये त्याने मुद्दाम 'डान्स' घातला होता. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये या टपालाचं प्रदर्शन झालं.

पुढे टपाल-कलेच्या प्रदर्शनांचे काही संकेत रूढ झाले: निवड समिती नाही, प्रवेश शुल्क नाही, आलेलं काम परत जाणार नाही आणि सहभागी झालेल्या प्रत्येकाला यादी मिळणार. संशोधकाने या शेवटच्या अटीवर खूण करून ठेवावी. कोणत्या साली कुठल्या देशातून कोण जोडलेलं होतं, ते या याद्यांतून कळतं.

इथे देश म्हणजे चित्राचा विषय नव्हे. तो पाकिटावरचा पत्ता, तिकीट आणि शिक्का. आणि काही ठिकाणी तो शिक्का महागात पडायचा. ब्राझीलमध्ये लष्करी राजवट असताना १९७६ मध्ये रेसिफे शहरात भरलेलं आंतरराष्ट्रीय टपाल-कला प्रदर्शन पोलिसांनी बंद पाडलं आणि पाउलो ब्रुस्की आणि दानिएल सांतियागो या आयोजकांना अटक झाली. १९७७ मध्ये उरुग्वेच्या लष्करी राजवटीने क्लेमेंते पादीन आणि होर्हे काराबाल्यो या कलाकारांना तुरुंगात टाकलं. त्यांच्या सुटकेसाठी जगभरच्या टपाल-कलाकारांनी त्याच जाळ्यातून पत्रं धाडली. पोलंडमध्ये पावेल पेताश याने १९७७ मध्ये 'कॉमनप्रेस' हे नियतकालिक सुरू केलं. दर अंकाचा संपादक वेगळ्या ठिकाणचा, अशी त्याची रीत. डिसेंबर १९८१ मध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा लागला आणि समन्वयाचं काम कॅनडात सोपवावं लागलं.

म्हणजे कागदाची अदलाबदल ही तेव्हा निरुपद्रवी गंमत नव्हती. सरकारला भीती चित्राची होती तितकीच, किंबहुना जास्तच, एका माणसाच्या दुसऱ्याशी असलेल्या ओळखीची होती.

प्रेरणेतला देश

आता पुन्हा एटीसीकडे या. श्टिर्नेमानच्या कल्पनेत अदलाबदल समोरासमोर होती. माणसाने माणसाला भेटायचं, कार्ड हातात घ्यायचं, बोलायचं. इंटरनेट आल्यावर हीच अदलाबदल दूरच्या लोकांत, टपालाने होऊ लागली. २००४ च्या सुमारास याच मापाची पण विकण्यासाठी केलेली कार्डं ईबेवर आली. त्यांना वेगळं नाव पडलं, एसीईओ. विक्री की अदलाबदल, या एका फरकासाठी नवं नाव लागलं. नियम किती महत्त्वाचा होता, ते यावरून कळतं.

आणि 'देश' हा विषय नेमका इथेच बदलतो. आता देश कंपनीने ठरवलेला नसतो आणि पत्त्यावरही अवलंबून नसतो. फिनलंडमधली बाई मोरोक्कोवर कार्ड करते आणि ते ब्राझीलमधल्या शिक्षकाकडे जातं. देश ही प्रेरणा होते. यात सुंदर असं काही आहेच. सिगारेट-कार्डावर देश एकाच बाजूने बोलायचा, इथे प्रत्येकाला उलट कार्ड पाठवता येतं.

पण अडीच बाय साडेतीन इंचात देश बसवायचा, तर काय ठेवणार? जपान म्हटलं की पंखा, मेक्सिको म्हटलं की निवडुंग, भारत म्हटलं की हत्ती किंवा ताजमहाल. समजा, 'भारत' विषयाच्या एका कार्डावर वारली पद्धतीची त्रिकोणी माणसं आहेत. बनवणाऱ्याचा हेतू प्रेमाचाच असेल. पण वारली चित्रं ही पालघर आणि आसपासच्या भागातल्या एका आदिवासी समाजाची. लग्नाचा चौक मुळात सुवासिनी भिंतीवर लिहीत. कागदावर, कॅनव्हासवर ही कला जगाला दिसली ती जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलाकारांमुळे. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. कार्डावर मात्र ना पालघर, ना वारली, ना ती बाई. उरतो फक्त 'भारत'. देश मोठा करताना माणसं पुसली जातात, आणि ती पुसणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

माझ्या मते या विषयातला खरा प्रश्न हाच. देवाणघेवाण बरोबरीची असली, तरी चित्रातला देश बरोबरीचा असतोच असं नाही. देणारा-घेणारा समान, पण ज्याच्याबद्दल कार्ड आहे तो त्या खोलीत असतो का?

गंजिफाचं काय?

मराठी वाचकाला इथे सावंतवाडी आठवणारच. हाताने रंगवलेले, गोल, लाखेचे गंजिफाचे पत्ते. मुघल गंजिफाचे ९६ पत्ते, दशावतारी गंजिफाचे १२०. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला त्याच्या मागणीवरून गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. म्हणजे हाताने केलेली छोटी कार्डं एका देशातून दुसऱ्या देशात भेट म्हणून जाणं आपल्याकडे जुनंच आहे.

तरीही 'एटीसीचं मूळ गंजिफात' असं वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहू नका. साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. झुरिक आणि सावंतवाडीला जोडणारा पुरावा हवा, तो नसेल तर तुलना करा, नातं लावू नका. तुलना खरंच उपयोगी आहे. गंजिफाचा एक पत्ता एकटा निरुपयोगी, पूर्ण संच हवा. एटीसीचं कार्ड एकटंच पूर्ण. गंजिफावर चिताऱ्याचं नाव सहसा नसतं. एटीसीला मागे सही लागतेच. हे दोन फरक नीट मांडले, तरी एक चांगलं प्रकरण होईल.

मग संशोधन कुठून सुरू करायचं?

अडचण उघड आहे. जी वस्तू जन्मतःच दुसऱ्याला देण्यासाठी केली जाते, तिचा संग्रह बनवणाऱ्याकडे नसतो. त्याच्याकडे असतात ती इतरांची कार्डं. म्हणजे एखाद्या कलाकाराचं काम बघायचं, तर त्याचं घर सोडून बाकी सगळ्यांची घरं शोधावी लागतात. हा दोष न मानता यालाच पद्धत बनवा. एक फाईल घ्या आणि तिला एका माणसाच्या ओळखींचा नकाशा म्हणून वाचा.

कार्ड आधी उलटं करा. पुढची बाजू देशाबद्दल काय वाटतं ते सांगते. मागची बाजू सांगते कोणी, कधी, कितव्यांदा. दोन्ही बाजूंची नोंद वेगळ्या रकान्यात ठेवा. मागे घरचा पत्ता असेल, तर तो परवानगीशिवाय प्रबंधात छापू नका. ही माणसं जिवंत आहेत, आणि त्यांनी तो पत्ता एका व्यक्तीला दिलेला असतो, वाचकांना नाही.

आणि प्रस्तावात 'अमुक देशाचं चित्रण' असं मोघम शीर्षक देण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: माझ्या साधनांतला देश यादीतला आहे, पत्त्यावरचा आहे, की प्रेरणेतला? उत्तर एका वाक्यात देता आलं, तर गाईडसमोर बसायला तुम्ही तयार आहात.