कोरडा कॉन्टॅक्ट

मोबाइल टॉवरखालच्या बंद खोलीत राउटरशेजारी बारीक तारांचा एक जुडगा उतरलेला दिसतो. त्यातली एक जोडी दाराकडे जाते, एक जनरेटरकडे, एक बॅटरीकडे. अशा प्रत्येक जोडीच्या टोकाशी असलेल्या जोडाला तंत्रज्ञ ‘ड्राय कॉन्टॅक्ट’ म्हणतात. कोरडा अशासाठी, की त्यात स्वतःची वीज नसते. दोन टोकं जुळलीत की सुटलीत, एवढंच तो सांगतो.

याचा पूर्वज दारातच सापडतो. १८५३ साली अमेरिकेत बोस्टनजवळच्या ऑगस्टस पोपने विजेच्या चोरघंटेचं पेटंट घेतलं. दार उघडलं की मंडल जुळायचं, विद्युतचुंबक हातोडी हलवायचा आणि घंटा वाजायची. (‘अलार्म’ मुळात इटालियन हाक आहे: हत्यारं उचला! मराठीने त्याला गजर म्हटलं, हरिनामाचा होतो तोच.) अशा जुळणीत खोट एकच: चोराने आधी तार कापली तर घंटा मुकी. म्हणून पुढे उलट रीत आली. मंडल कायम जुळलेलं ठेवायचं, ते तुटलं की बोंब. मग कुणी तार कापो किंवा उंदीर कुरतडो, खबर लागतेच. दाराच्या तारा आजही बहुधा अशाच जोडतात.

टेलिफोन एक्स्चेंजने यात आपली भर घातली ती नाकतोड्याची. ‘ग्रासहॉपर’ फ्यूजमध्ये ताणलेली स्प्रिंग असे. फ्यूज वितळला की ती उडी मारून शेजारच्या पट्टीला टेकायची आणि घंटा वाजायची. शेकडो फ्यूजांतला कुठला गेला हे उडालेल्या स्प्रिंगवरून दिसायचं. नामकरण करणाऱ्याला दाद द्यावी.

पण घंटा ऐकायला माणूस हवा. खोल्या निर्मनुष्य झाल्या, तशी ती हाक दूर न्यायला वेगळी यंत्रं आणि अनेकदा वेगळी लाइनही लागू लागली. राउटर मात्र तिथे बसलेलाच होता, नेटवर्कला जोडलेला. १९८८ साली एसएनएमपी या प्रोटोकॉलचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला आणि नेटवर्कमधल्या उपकरणांना आपली तक्रार कळवण्याची सामाईक भाषा मिळाली. जनरेटरला आणि दाराला ती कुठून येणार? राउटर बनवणाऱ्या सिस्को कंपनीने २६०० आणि ३६०० मालिकेतल्या राउटरांसाठी एक कार्ड काढलं ते याच अडचणीवर. त्यात ६४ कॉन्टॅक्ट जोडता येत. त्यांतल्या ८ जागांवर हवं तर अ‍ॅनालॉग संवेदक बसे. शिवाय १६ रिले होते, म्हणजे उलट दिशेने हुकूमही सोडता येई: जनरेटर चालू कर, पंखा लाव. रिले म्हणजे मूळचे वाटेत बदलायला ठेवलेले ताज्या दमाचे घोडे किंवा शिकारी कुत्रे, हे डाकेच्या टप्प्यांची आठवण असणाऱ्याला सांगायला नको.

तारा जोडणाऱ्याला एक गंमत ठाऊक असते. कॉन्टॅक्ट फारच कोरडा राहिला की त्याच्या धातूवर पातळ थर चढतो आणि तो जुळूनही न जुळल्यासारखा वागतो. म्हणून ऐकणारं यंत्र त्यातून थोडा प्रवाह सोडत राहतं. त्याचं नाव ‘वेटिंग करंट’, म्हणजे कोरड्याला ओलं करणारा.

आणि खुद्द राउटरचीच वीज गेली तर? काही उपकरणांत त्यासाठी कपॅसिटर असतात. त्यांच्यातल्या साठ्यावर उपकरण काही मिलिसेकंद तग धरतं, तेवढ्यात ‘वीज गेली’ हा एकच निरोप धाडतं आणि बंद पडतं. त्याला म्हणतात ‘डाइंग गॅस्प’: शेवटचा आचका.