स्कीइंगपूर्व शारीरिक तयारी

स्कीइंगपूर्व शारीरिक तयारी म्हणजे बर्फावरील घसरखेळाचा हंगाम सुरू होण्याआधी काही आठवडे नियोजनपूर्वक केला जाणारा व्यायाम होय. उतारावर लागणारी स्नायूंची शक्ती, दमसास, समतोल आणि सांध्यांची लवचीकता हंगामापूर्वीच कमावणे हा तिचा हेतू असतो. उत्तर गोलार्धात हा हंगाम साधारणतः डिसेंबर ते एप्रिल असा असल्याने तयारीचा काळ सप्टेंबर ते नोव्हेंबर हा मानला जातो. चिली, न्यूझीलंड आदी दक्षिण गोलार्धातील देशांत हंगाम जून ते ऑक्टोबरच्या सुमारास असतो व तयारीही त्यानुसार अगोदर होते. जर्मन भाषक देशांत या व्यायामाला ‘स्कीजिम्नास्टिक’ असे नाव आहे आणि तेथील क्रीडामंडळे शरद ऋतूत त्याचे वर्ग चालवतात.

पार्श्वभूमी

स्की हे मूलतः बर्फाळ प्रदेशातील प्रवासाचे साधन होते. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेतील टेलेमार्क प्रांतातील सोंद्रे नॉरहाइम याने टाच घट्ट धरून ठेवणाऱ्या बांधणीचा व वळण घेण्याच्या तंत्राचा प्रसार केला. पुढे ऑस्ट्रियातील हान्नेस श्नायडर याने आर्लबर्ग पद्धत घडवली आणि आल्प्समधील तीव्र उतारांवरील स्कीइंगला शिस्तबद्ध शिक्षणाचे रूप आले. १९२४ साली शामोनी येथे पहिले हिवाळी ऑलिंपिक भरले. उतारावरील, म्हणजे अल्पाइन स्कीइंगचा समावेश मात्र १९३६ च्या गार्मिश-पार्टेनकिर्शेन येथील स्पर्धांत प्रथम झाला.

आरंभीच्या काळात उतारावरून खाली येण्यासाठी तो उतार आधी पायी चढावा लागे. त्यामुळे दिवसभरात मोजक्याच फेऱ्या होत आणि चढण्याच्या श्रमातच शरीराची तयारी घडे. १९३४ साली दावोस येथे एर्न्स्ट कॉन्स्टाम याने खेचून नेणारी स्की-लिफ्ट सुरू केली, तर १९३६ मध्ये अमेरिकेतील सन व्हॅली येथे खुर्चीची लिफ्ट आली. चढण यंत्राने केल्यामुळे एका दिवसातील उतारांची संख्या अनेक पटींनी वाढली. चढण्याचे श्रम गेले, उतरण्याचा ताण मात्र वाढला. हंगामापूर्वी स्वतंत्र व्यायामाची गरज प्रामुख्याने या बदलातून निर्माण झाली आहे.

शरीरावर पडणारा ताण

उतारावर स्कीपटू गुडघे व नितंबसांधे वाकवून उभा असतो. या स्थितीत मांडीच्या पुढील बाजूचा क्वाड्रिसेप्स हा स्नायुसमूह, नितंबाचे स्नायू, मांडीच्या मागील बाजूचे हॅमस्ट्रिंग स्नायू आणि पोट व कंबरेचे स्नायू सतत कार्यरत राहतात. वळण घेताना शरीराचा भार मुख्यतः वळणाच्या बाहेरील पायावर येतो.

स्नायूंचे काम येथे दोन प्रकारांनी होते. पहिल्या प्रकारात स्नायू आपली लांबी न बदलता ताण धरून ठेवतो. दुसऱ्या प्रकारात भाराखाली लांबत जात असतानाच स्नायू त्या भाराला आवर घालतो. गड उतरताना मांड्या भरून येतात व पाय लटपटतात, ते याच दुसऱ्या प्रकारच्या कामामुळे. स्कीइंगमध्ये प्रत्येक वळणाला हाच प्रकार घडतो. चालणे किंवा सायकल चालवणे या व्यायामांनी दमसास वाढतो. परंतु सायकलीच्या फेऱ्यांत स्नायूंना असा आवर घालावा लागत नाही. म्हणूनच केवळ सायकल चालवून आलेल्या व्यक्तीच्याही मांड्या स्कीच्या दुसऱ्या दिवशी दुखू लागतात. अनभ्यस्त श्रमानंतरची ही वेदना सामान्यतः २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वाधिक असते.

या ताणाची कल्पना स्पर्धांवरून येऊ शकते. ऑस्ट्रियातील किट्सब्यूल येथील ‘श्ट्राइफ’ या ३,३१२ मीटर लांबीच्या उतारावर फ्रिट्स श्ट्रोबल याने १९९७ साली १ मिनिट ५१.५८ सेकंदांचा विक्रम नोंदवला. याचा अर्थ ताशी सुमारे १०७ किलोमीटर या सरासरी वेगाने, जवळजवळ दोन मिनिटे, वाकलेल्या गुडघ्यांवर शरीर तोलून धरणे असा होतो. हौशी स्कीपटूचा वेग याहून पुष्कळ कमी असला, तरी तो दिवसातून अनेक वेळा व सलग काही दिवस उतरत असतो.

दुखापती

अल्पाइन स्कीइंगमधील दुखापतींत गुडघ्याच्या दुखापतींचा वाटा सुमारे एक-तृतीयांश असतो. यांतील सर्वांत गंभीर दुखापत म्हणजे गुडघ्यातील एसीएल या अस्थिबंधाचे फाटणे. त्यानंतर अनेकदा शस्त्रक्रिया व कित्येक महिन्यांचे पुनर्वसन आवश्यक ठरते. हौशी स्कीपटूंमध्ये ही दुखापत पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते. स्कीची काठी हातात असताना पडल्यामुळे अंगठ्याच्या मुळाशी होणारी इजाही नेहमीची आहे.

१९३७ साली यालमार व्हाम याने, स्वतःचा पाय मोडल्यानंतर, पडताना बुटापासून सुटणारी बांधणी तयार केली. पुढील दशकांत अशा बांधण्या व उंच, कडक बूट रूढ झाल्यावर नडगीची हाडे मोडण्याचे प्रमाण बरेच घटले; गुडघ्याला मात्र तेवढे संरक्षण मिळाले नाही.

एसीएल फाटण्याचा एक ठरावीक क्रम अमेरिकी अभ्यासकांनी वर्णन केला आहे. तोल मागे जातो, नितंब गुडघ्यांच्या खाली येतात, वरच्या बाजूचा हात मागे पडतो आणि सारा भार खालच्या बाजूच्या स्कीच्या आतील कडेवर येतो. त्या वेळी स्कीचा मागील भाग तरफेसारखा काम करून गुडघा पिळतो. कार्ल एटलिंगर व सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ही परिस्थिती ओळखण्याचे व टाळण्याचे प्रशिक्षण मिळालेल्या स्की-कर्मचाऱ्यांत गुडघ्याच्या गंभीर दुखापती ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे नोंदवले आहे. त्यांच्या सूचना साध्या आहेत: पडताना पाय ताठ करू नयेत, घसरणे थांबेपर्यंत उठण्याचा प्रयत्न करू नये, तोल जात असताना मागे बसू नये. दमलेल्या मांड्यांमुळे शरीर आपोआप मागे बसू लागते. त्यामुळे स्नायूंची तयारी आणि ही दक्षता परस्परपूरक ठरतात.

तयारीचे घटक

दमसास: जलद चालणे, धावणे, पोहणे, जिने किंवा डोंगर चढणे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायुबळाचा व्यायाम सुचवला आहे. स्कीची तयारी या पायावर उभी राहते.

शक्ती: बैठका, एक पाय पुढे टाकून खाली जाण्याचा व्यायाम, पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरणे आणि भिंतीला पाठ टेकून खुर्चीवर बसल्याच्या स्थितीत थांबणे. बैठक घालताना खाली जाण्यास तीन ते चार सेकंद घेतल्यास स्नायूंना आवर घालण्याचा सराव होतो. हॅमस्ट्रिंग स्नायू नडगीच्या हाडाला पुढे सरकू देत नाहीत, म्हणजेच एसीएलला साहाय्य करतात; म्हणून त्यांचा स्वतंत्र व्यायाम वगळू नये.

धड: पोट, पाठ व कंबरेचे स्नायू बळकट असल्यास पाय वळत असतानाही छाती उताराच्या दिशेने स्थिर राहते. कोपर व पायाची बोटे टेकून शरीर सरळ रेषेत धरण्याचा व्यायाम यासाठी प्रचलित आहे.

समतोल व चपळता: एका पायावर उभे राहणे, नंतर तेच डोळे मिटून करणे, डावी-उजवीकडे उड्या मारणे. उडीनंतर गुडघा आत झुकता कामा नये. तो पायाच्या बोटांच्या दिशेतच राहावा.

लवचीकता: घोटा, नितंबसांधा व पाठ यांची हालचाल मोकळी असावी. घोटा पुरेसा वाकत नसल्यास शरीर मागे बसते.

कालावधी व आखणी

नियमित व्यायाम नसलेल्या व्यक्तीने किमान सहा ते आठ आठवडे आधी आरंभ करावा. आठ आठवड्यांची एक सर्वसाधारण आखणी पुढीलप्रमाणे आहे.

पहिले तीन आठवडे: आठवड्यातून तीन दिवस चालणे किंवा धावणे, दोन दिवस हलक्या बैठका व समतोलाचा सराव.

चौथा ते सहावा आठवडा: बैठकांची संख्या किंवा भार क्रमाने वाढवणे, पायऱ्या व डोंगर चढण्याइतकाच उतरण्याचाही सराव.

सातवा आठवडा: बाजूच्या उड्या, थोड्या वेळाच्या तीव्र श्रमांच्या फेऱ्या व त्यांमध्ये विश्रांती.

आठवा आठवडा: व्यायामाचे प्रमाण कमी करून शरीरास विसावा देणे.

भाराखाली लांबत जाणाऱ्या स्नायूंचा व्यायाम एकदा केला, की पुढील काही आठवडे तशाच श्रमाने होणारी वेदना कमी असते. म्हणूनच उतरण्याचा सराव प्रवासाच्या आदल्या दिवशी न करता काही आठवडे आधी करावा. ऐनवेळी केलेला कठोर व्यायाम लाभाऐवजी थकवा देतो.

उंची, थंडी व वैद्यकीय दक्षता

समुद्रसपाटीपासून ३,००० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के असतो. त्यामुळे तेच श्रम अधिक दमवणारे ठरतात. ही उणीव घरच्या व्यायामाने भरून निघत नाही. त्यासाठी पहिले एक-दोन दिवस कमी श्रमाचे ठेवावे लागतात. उत्तम तयारी असलेल्या व्यक्तीसही उंचीचा त्रास होऊ शकतो. थंड व कोरड्या हवेत तहान कमी जाणवत असली, तरी पाणी पीत राहणे आवश्यक असते.

उतारावर अपघाताखेरीज होणाऱ्या आकस्मिक मृत्यूंत हृदयविकार हे प्रमुख कारण आहे. ऑस्ट्रियातील अभ्यासांत मध्यम व उतारवयातील पुरुष, पूर्वी हृदयविकाराचा झटका आलेले, उच्च रक्तदाब असलेले आणि नियमित व्यायाम न करणारे यांना हा धोका अधिक असल्याचे दिसून आले आहे. अशा व्यक्तींनी व्यायाम सुरू करण्यापूर्वीच वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. छातीत दुखणे, असाधारण धाप किंवा भोवळ ही लक्षणे ‘सवय नसल्याची’ समजून दुर्लक्षित करू नयेत.

भारतातील संदर्भ

भारतात जम्मू-काश्मीरमधील गुलमर्ग, उत्तराखंडमधील औली आणि हिमाचल प्रदेशातील सोलंग ही स्कीइंगची प्रमुख ठिकाणे आहेत. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर असून तेथील रज्जुमार्ग ३,९०० मीटरांहून अधिक उंचीपर्यंत जातो. १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये जेरेमी बुजाकोव्स्की याने अल्पाइन स्कीइंगमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले. २०१८ साली आंचल ठाकूर हिने तुर्कस्तानातील स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. स्कीइंगमधील ते भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय पदक होते. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये आरिफ खान सहभागी झाला.

महाराष्ट्रात नैसर्गिक बर्फाचे उतार नाहीत. येथून जाणाऱ्या नवशिक्याला बर्फाचा सराव मिळत नसल्याने कोरड्या जमिनीवरील तयारीचे महत्त्व अधिकच वाढते. आखाड्यातील बैठका, सूर्यनमस्कार आणि सह्याद्रीतील गडांची चढ-उतार हे परिचित व्यायाम या कामी उपयोगी पडतात. गड उतरताना घाईने धावत न येता, गुडघे किंचित वाकवून व पाऊल आवरून उतरणे हा स्कीसाठी सर्वांत जवळचा सराव होय.

मर्यादा

शारीरिक तयारी ही तंत्रशिक्षणाला पर्याय नाही. बांधणीचा ताण व्यक्तीचे वजन, उंची, वय व कौशल्य यांनुसार जाणकाराकडून ठरवून घेणे, शिरस्त्राण वापरणे आणि आपल्या कौशल्याला साजेसा उतार निवडणे हे उपाय तेवढेच महत्त्वाचे आहेत. तयारीमुळे थकवा उशिरा येतो, परंतु तो येतोच. मांड्या थरथरू लागल्या, वळणे उशिरा पडू लागली किंवा शरीर मागे बसू लागले, की त्या दिवसाची फेरी तेथेच थांबवणे हा या तयारीचाच एक भाग मानला जातो.

हे सुद्धा पाहा

स्कीइंग
हिवाळी ऑलिंपिक खेळ
गुलमर्ग
गिर्यारोहण
सूर्यनमस्कार