भाड्याने देणे आहे : पॉम्पेई, १ जुलैपासून

१/ इटलीतील पॉम्पेई या लहानशा नगराच्या एका भिंतीवर रंगवलेली जाहिरात सापडली. इ.स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली नगर गाडले गेले, म्हणूनच ती टिकली. तिचा आशय असा : ग्नेयस अलेयस निगिडियस मायस याच्या इमारतीत १ जुलैपासून पोटमाळ्यांसह गाळे, माडीवरची प्रतिष्ठित बिऱ्हाडे आणि घर भाड्याने देणे आहे, इच्छुकांनी मायसचा गुलाम प्रीमस यास भेटावे.

२/ आज आपण जाहिरातीत वन आरके, वन बीएचके, टू बीएचके असे वाचतो. मायसची वर्गवारी मात्र खोल्यांच्या संख्येवर नव्हे, भाडेकरूच्या पायरीवर बेतलेली दिसते. गाळ्यात धंदा आणि वरच्या पोटमाळ्यावर संसार, ही कारागीर व दुकानदारांची सोय. माडीवरच्या बिऱ्हाडांना लावलेले विशेषण 'इक्वेस्ट्रिया', म्हणजे अश्वारोही या धनिक वर्गास साजेशी.

३/ जाहिरातीत भाड्याचा आकडा मात्र नाही. तो प्रीमसशी बोलूनच ठरायचा. मायस हा नगरातील बडा पुढारी, ग्लॅडिएटरांचे खेळ भरवणारा. त्याच्या वतीने दारात आलेल्या स्वतंत्र नागरिकाची ऐपत जोखणारा माणूस होता एक गुलाम.

४/ मग लहान नगरात भाडे असे तरी किती? याचा धागा शतकभर आधीच्या एका संघर्षात सापडतो. यादवी युद्धाने कर्जे आणि भाडी थकली होती. इ.स.पू. ४८ मध्ये कायलियस रूफस या प्रेटरने वर्षभराच्या भाडेमाफीचा प्रस्ताव मांडला. त्याचे पद गेले आणि पुढे बंडाच्या प्रयत्नात प्राणही गेला. दुसऱ्याच वर्षी डोलाबेलाने तीच मागणी लावून धरली, तेव्हा रोमच्या फोरममध्ये सैन्याने रक्त सांडले.

५/ अखेर ज्युलियस सीझरनेच एका वर्षाचे भाडे माफ केले. त्याने घातलेली मर्यादा महत्त्वाची आहे : रोममध्ये २,००० सेस्टर्सपर्यंत, उर्वरित इटलीत ५०० सेस्टर्सपर्यंत. म्हणजे राजधानी आणि लहान नगरे यांत चारास एक असे प्रमाण धरले गेले.

६/ ५०० ही सरासरी नव्हे. सवलतीस पात्र भाड्याची ती कमाल सीमा होय. तरीही ती हलकी नव्हती. ऑगस्टसच्या काळात साध्या सैनिकाचे वार्षिक वेतन ९०० सेस्टर्स होते. ५०० चे बिऱ्हाड त्यातील निम्म्याहून अधिक वाटा गिळून टाकी.

७/ दीडएक शतकानंतर कवी जुव्हेनलने हीच दरी उपरोधाने मांडली. रोममध्ये अंधाऱ्या खोलीसाठी वर्षाला जे भाडे मोजावे लागते, तेवढ्यात सोरा किंवा फ्रुसिनो यांसारख्या गावी उत्तम घर विकत मिळते, असे तो म्हणतो. कवीची अतिशयोक्ती वजा केली, तरी सीझरचे आकडे त्याच दिशेला बोट दाखवतात.

८/ तरीही माणसे रोमकडेच जात राहिली. काम, धान्यवाटप आणि आश्रयदाते तिथे होते. पॉम्पेईतल्या त्या भिंतीवर मालकाचे नाव राहिले, त्याच्या गुलामाचेही राहिले. १ जुलैला पोटमाळ्यावर बिऱ्हाड थाटण्यासाठी जो येणार होता, त्याच्यासाठी तिथे केवळ 'भाडेकरू' एवढाच शब्द आहे.