वणव्यानंतरची वृक्षलागवड : उत्तराखंडमधील चीड आणि बांज

उत्तराखंडमध्ये १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम मानला जातो. २०१६ आणि २०२४ मध्ये आग विझविण्यासाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांची मदत घ्यावी लागली. अशा वणव्यांनंतर पावसाळ्यात जळालेल्या उतारांवर रोपे लावली जातात. तेथे पुढे कोणते वन उभे राहील, हे मात्र रोपांच्या संख्येपेक्षा वृक्षाच्या जातीवर आणि नंतरच्या संरक्षणावर अवलंबून असते.

मध्यम उंचीच्या डोंगरांवर चीड आणि बांज हे दोन प्रमुख वृक्ष आढळतात. चीड हा सूचिपर्णी वृक्ष आहे. ‘पिरूल’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या राळयुक्त सुया उन्हाळ्यात जमिनीवर साचतात आणि ठिणगी पडताच पेटतात. जाड सालीमुळे मोठे चीड वृक्ष बहुधा वाचतात. त्यांचे पंखयुक्त बी वाऱ्याबरोबर पसरते आणि आगीने उघड्या पडलेल्या जमिनीत सहज रुजते.

बांज हा ओक कुळातील सदाहरित वृक्ष आहे. त्याच्या पालापाचोळ्यापासून तयार होणारी माती ओल धरून ठेवते. डोंगरी गावांना चारा, सरपण आणि झऱ्यांचे पाणी यांसाठी बांजवनांचा आधार असतो. त्याचे जड बी मात्र झाडाखालीच पडते, रुजण्याची क्षमता लवकर गमावते आणि त्याच्या रोपांना सावली व ओलावा लागतो. त्यामुळे वारंवार जळणाऱ्या उतारांवर चिडाचा विस्तार होतो आणि पुढील वणव्याला इंधन मिळते.

आगीनंतर बांजाच्या जिवंत बुंध्यांना फुटवे येतात. असे बुंधे शिल्लक असतील तेथे चराईबंदी करून फुटव्यांना वाढू देणे हा पहिला उपाय ठरतो. यास साहाय्यित नैसर्गिक पुनरुत्पादन म्हणतात. बुंधे नसलेल्या ठिकाणी रोपवाटिकेतील बांजाची रोपे पावसाळ्याच्या प्रारंभी, शक्यतो ओलसर उत्तराभिमुख उतारांवर लावली जातात. जाळरेषा स्वच्छ ठेवणे आणि पिरूल गोळा करणे ही कामेही तितकीच आवश्यक असतात.

या कामात स्थानिकांचा सहभाग निर्णायक आहे. वने राखीव करून ग्रामस्थांचे हक्क मर्यादित केल्याच्या निषेधार्थ १९२१ मध्ये कुमाऊंत वने पेटविण्यात आली होती. त्यानंतर १९३१ च्या नियमांनुसार वनपंचायती स्थापन झाल्या आणि गावांकडे वनांची व्यवस्था आली. बांजाची वाढ संथ असल्याने रोपांना अनेक वर्षे राखण लागते. त्या काळात पुन्हा वणवा लागल्यास लागवड नष्ट होऊन तो उतार पुन्हा चिडाकडे जातो.