काताकाना : भिक्खूंच्या टिपणांतून आलेली लिपी

ॲनिमे पाहून जपानी शिकू लागलेल्या आपल्या तरुणांना पहिल्याच आठवड्यात सांगितले जाते की काताकाना ही परकीय शब्दांची लिपी आहे. कॉफी, टीव्ही, इंडिया हे शब्द तिच्यात लिहायचे. आजच्या वापरापुरते हे खरे आहे. पण ही लिपी कोणी आणि कशासाठी घडवली?

९व्या शतकाच्या सुरुवातीला जपानमधील नारा येथील विहारांत भिक्खू चिनी भाषेतील बौद्ध सूत्रे अभ्यासत होते. चिनी वाक्यात क्रियापद कर्माच्या आधी येते; जपानीत मराठीप्रमाणे शेवटी, आणि शब्दांना प्रत्यय लागतात. हे प्रत्यय आणि उच्चार भिक्खू ओळींमधल्या चिंचोळ्या जागेत टिपून ठेवत. तिथे अख्खे चिनी अक्षर कसे मावणार? म्हणून त्याचा तुकडाच लिहिला जाऊ लागला. ‘का’साठीच्या अक्षराची डावी बाजू राहिली, उजवी गळाली. ‘काता’ म्हणजे अपुरा, तुकडा. परंपरा या लिपीचे श्रेय एका दरबारी विद्वानाला देते. आम्ही ते विहारांतल्या अनाम भिक्खूंना देतो.

आता तिचा क्रम पाहा : आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. जुन्या जपानीत ‘सा’चा उच्चार ‘च’च्या जवळ होता आणि ‘हा’चा ‘पा’. म्हणजे क, च, त, न, प, म, य, र, व. ही आपलीच वर्णमाला! धम्माबरोबर गेलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून ती तिथे रुजली. इकडे गौतम धर्मसूत्र वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेले कथील किंवा लाख ओतायला सांगत होते. वर्णमाला मात्र भिक्खूंनी समुद्रापार नेली.

पण लिपी कोणाच्या हाती आहे, यावर बरेच ठरते. १८८९ची सम्राटाची राज्यघटना चिनी अक्षरे आणि काताकानात लिहिली गेली; युद्धकाळात पहिलीच्या मुलांची पुस्तकेही काताकानापासूनच सुरू होत. १९४६ची नवी घटना हिरागानात आली आणि काताकानाकडे मुख्यतः परकीय शब्द उरले.

उत्तरेकडच्या ऐनू आदिवासींच्या मुलांना १८९९च्या कायद्यानंतर खास शाळांत जपानीतूनच शिकवले गेले. त्यांची भाषा घरातही मागे पडत गेली. आज ती वाचवू पाहणारे ऐनू काताकानाच वापरतात, पण तिच्यात भर घालून. जपानी शब्द ‘न’ सोडून इतर व्यंजनावर संपत नाही. ऐनू शब्द संपतो. म्हणून शेवटचे अक्षर लहान आकारात लिहितात. साध्या काताकानात ज्याचे ‘इताकु’ होते, तो शब्द मग नीट ‘इताक्’ असा लिहिता येतो. ऐनूत त्याचा अर्थ भाषा.