कार्बन फायबरला ऊन लागतं तेव्हा

आजच्या भागाची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून.

मित्राने हौसेने गाडीला कार्बन फायबरचं बॉनेट बसवलं होतं. दोन उन्हाळ्यांत ते पिवळट पडलं. मी म्हटलं, "आण इकडे, पॉलिश करून देतो." मशीन आणि कंपाउंड घेऊन अर्धा तास घासलं. चमक राहिली बाजूला, मधोमध पांढुरका डाग उमटला. मित्र काही बोलला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. बीटेक झालोय, पण आपण नेमकं काय घासतोय हेच मला माहीत नव्हतं. मग इतिहास वाचायला बसलो.

कार्बनचा धागा तसा जुना. १८७९ मध्ये एडिसनने सुती दोरा भाजून बल्बची तार केली, ती कार्बनचीच. पण प्रचंड ताकदीचे धागे सापडले १९५८ मध्ये, अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत, रॉजर बेकन यांना. १९६० च्या दशकात जपान आणि इंग्लंडमध्ये ॲक्रिलिकच्या धाग्यापासून कार्बन फायबर बनू लागलं.

आता गंमत बघा. नुसता धागा म्हणजे कापड, ते लवतं. त्याला आकार देतं रेझिन, बहुतेक वेळा इपॉक्सी. धागा ताण सोसतो, रेझिन त्याला जागेवर धरून ठेवतं. आणि दुखणं सुरू होतं ते बहुधा या रेझिनपासून.

पहिला मोठा फटका बसला रोल्स-रॉइसला. आरबी२११ या विमानाच्या इंजिनासाठी त्यांनी कार्बन फायबरची पाती केली. वजन कमी, ताकद भरपूर. पण १९७० मध्ये पक्षी आदळल्यावर काय होईल याची चाचणी घेतली आणि पाती टिकली नाहीत. शेवटी टायटॅनियम वापरावं लागलं. इंजिनाचा खर्च हाताबाहेर गेला आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं.

म्हणून १९८१ मध्ये जॉन बर्नार्ड यांनी मॅक्लारेनच्या एमपी४/१ या फॉर्म्युला वन गाडीचा सांगाडा कार्बन फायबरचा केला, तेव्हा लोकांना शंका होती की हा अपघातात चुरा होईल. त्याच वर्षी मोंझाला जॉन वॉटसनची गाडी एवढ्या जोरात आदळली की इंजिन तुटून वेगळं झालं. वॉटसन मात्र आपल्या पायांनी बाहेर आला! त्यानंतर काही वर्षांत सगळ्यांनीच हा मार्ग धरला.

आता परत बॉनेटकडे. उन्हातल्या अतिनील किरणांनी इपॉक्सी पिवळी पडते. तिला वाचवतो वरचा क्लिअर कोट, जो साधारण केसापेक्षाही पातळ असतो. मी मशीनने तोच उडवला होता. पिवळेपणा खालच्या रेझिनमध्ये होता, तो पॉलिशने जाणारच नव्हता.

मग करायचं काय? गाडी सावलीत लावा. पक्ष्यांची विष्ठा लगेच धुवा. सौम्य शाम्पू, मऊ कापड, वर वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग. खडे उडतात तिथे पीपीएफ. या फिल्मचं मूळ व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांना लावलेल्या टेपमध्ये आहे. आणि धडक बसली, तर वरून काही दिसत नाही म्हणून सोडून देऊ नका. पत्र्याला पोचा येतो, कार्बनचे थर मात्र आतल्या आत सुटतात. नाण्याने हलकं टकटक करा. चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. शंका आली तर जाणकाराला दाखवा.

मित्राचं बॉनेट पेंटरने ओल्या पॉलिशपेपरने घासून, अतिनील किरणं अडवणारा नवा क्लिअर कोट मारून दिलं. कोरडं घासू नका हं, ती धूळ फुफ्फुसाला वाईट. मास्क लावाच. बिल मी दिलं. पिवळेपणा थोडा उरलाय, पण मित्र आता स्वतःच गाडीवर कव्हर घालतो.

तुमच्याकडे असा एखादा पार्ट असेल तर आज एकदा नाणं वाजवून बघा. भेटू पुढच्या भागात!